आई आजारी आहे, निघून ये

३ जानेवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. दुकानाचा पत्ता तुला कोणी दिला ते आधी कळव, बाकीचं नंतर.

मालकांनी पाकीट आणून दिलं तेव्हा मी एका सायकलच्या वाकड्या चाकाचा आउट काढत होतो. तुझं अक्षर पाहिलं आणि हातातला पाना खाली पडला. मालक म्हणाले, "काय रे बारक्या, भूत पाहिलंस का?" इथे मला सगळे बारक्याच म्हणतात. मी म्हटलं, काही नाही, पकड सुटली. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मागच्या खोलीत टायरांच्या आड बसून पाकीट उघडलं.

आत एकच ओळ. आई आजारी आहे, निघून ये.

अगं, शब्द तरी बदलायचेस. तीन वर्षांपूर्वी तू हेच लिहिलं होतंस, आणि मी हातातलं काम टाकून आलो होतो. आई खिडकीशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. तिला साधा खोकलासुद्धा नव्हता. तिने मान वर केली नाही. तू चहा दिलास. मामा कॉटवर बसले होते, त्यांच्याबरोबर दोन माणसं होती जी मी कधी पाहिली नव्हती, आणि दाराबाहेर पांढरी गाडी. पुढचं मला नीट आठवत नाही. जाग आली ती त्या सुधार केंद्रात. खिडकीला जाळी होती आणि माझ्या अंगावर तुझा जुना पंजाबी ड्रेस होता.

तेव्हा आता तूच सांग, मी काय समजायचं?

माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे. काम आहे, खोली आहे, झोप चांगली लागते. पुढचं पत्र दुकानावर पाठवू नकोस. खाली एका लॅबचा पत्ता देतोय, माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे काम करतात. मी कुठे राहतो ते विचारू नकोस.

तुझा धाकटा


१२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र लॅबवर मिळालं. या वेळी चार पानं लिहिलीस. आईचे पाय सुजलेत, पोटात पाणी होतंय, डॉक्टर दर आठवड्याला ते काढतात, ती भिंतीकडे तोंड करून पडते. सगळं वाचलं. दुकानाचा पत्ता शेजारच्या शिक्षिकेने दिला हेही कळलं. ती इथे सायकल घेऊन आली होती आणि मी तिला ओळखलं नाही. तिने मात्र मला ओळखलं, दाढीमिशी असून. तेव्हापासून जे गिऱ्हाईक येतं त्याच्या तोंडाकडे आधी बघतो, मग सायकलकडे.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. झोप चांगली लागत नाही. तुझं पाकीट आल्यापासून तर लागतच नाही, आणि दिवसाही धड नाही. परवा दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. दार सरकल्याचा आवाज झाला, आणि मला कळायच्या आत मी कामाच्या टेबलाखाली होतो. गुडघे पोटाशी आणि तोंडात शर्टाची बाही. गाडी पावाची होती. पाववाला शेजारच्या दुकानात ट्रे ठेवून निघूनही गेला, तरी मला बाहेर येता येईना. हातपाय माझे नव्हतेच. मालक बिचारे ओणवे होऊन "बारक्या, ए बारक्या, कोणी नाही रे" म्हणत राहिले. शेवटी माझ्या फोनमध्ये जो नंबर सगळ्यात वर असतो तो त्यांनी लावला.

तो अक्काचा. तिच्याबद्दल तुला सांगायला हवं, कारण यापुढे जे होईल त्यात ती असणार. अक्का माझ्यासारखीच, फक्त उलट बाजूने आलेली. तिला लहानपणी मुलगा म्हणून वाढवलं, मला मुलगी म्हणून. ती लॅबमध्ये रक्त काढते. त्या केंद्रात महिन्यातून एकदा सगळ्यांचं रक्त घ्यायला तीच यायची. माझा दंड बांधताना तिने विचारलं, "बाटलीवर नाव काय लिहू?" तिथे माझं जुनं नाव रोज सकाळी माझ्याकडून वदवून घ्यायचे, न म्हटलं तर गोळी वाढायची. मी हळूच माझं खरं नाव सांगितलं. तिने वर पाहिलं आणि तेच लिहिलं. मग ती बाहेर जाऊन एका वकीलबाईंना आणि एका डॉक्टरीणबाईंना भेटली, तक्रार झाली, तपासणीला माणसं आली आणि मी सुटलो. तुमच्यापैकी कोणी मला सोडवलं नाही, ताई. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. तुला माहीत असावं म्हणून लिहितोय.

तर अक्का आली. टेबलाखाली डोकावली नाही, शेजारी जमिनीवर बसली आणि सुई टोचताना ज्या आवाजात बोलते त्या आवाजात म्हणाली, "मी आहे. तुझं झालं की बाहेर ये. घाई नाही." मालकांनी तिला चहा दिला. तिचा चहा संपल्यावर थोड्या वेळाने मी बाहेर आलो.

आईच्या दुखण्याचं तू लिहिलंस ते खरं असेलही. पण मला ते खरं वाटत नाही, काय करू.

धाकटा


२० जानेवारी

ताई,

काल गुरुवार होता. दर गुरुवारी आम्ही दहाबारा जण जमतो. रंगाच्या दुकानावरची खोली आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, तोही मनात आलं तर फिरणारा. कोणी माझ्यासारखं, कोणी अक्कासारखं, आणि दोघं अशी की ती म्हणतात आम्ही बाईही नाही आणि पुरुषही नाही, आम्ही आम्ही आहोत. तिथे कोणी कोणाचा डॉक्टर नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो, आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आमच्यातल्या एकीला सल्ला देण्याची फार खोड आहे, तर ती तोंडावर रुमाल धरून बसते.

मी तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तुला राग येईल, येऊ दे.

मग एकाने विचारलं, "सल्ला हवा की नुसतं ऐकू?" मी म्हटलं, सल्ला हवा. निम्मे म्हणाले, जाऊ नकोस. त्यातल्या एकाच्या भावाने त्याला असाच बोलावून कोंडून ठेवलं होतं. बाकीचे म्हणाले, आई गेली आणि तू गेला नव्हतास, तर ते तुला झेपेल का? रुमालवालीने रुमाल काढला आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीला सरळ विचारलंस का कधी?"

डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. केंद्रातून सुटल्यापासून त्यांच्याकडे जातोय. त्यांच्या खोलीत मी अजून दाराजवळच्या खुर्चीत बसतो. पहिल्या दिवशी त्यांनी ते पाहिलं, आणि तेव्हापासून दार किंचित उघडंच ठेवतात. त्या म्हणाल्या, "तुमची भीती खोटी नाही. ते घडलेलं आहे. फक्त आत्ताही तेच घडतंय की नाही, हे आपल्याला शोधायचंय." पुन्हा मला कोणी दवाखान्यात न्यायचं ठरवलं तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, ते आम्ही कायद्याप्रमाणे लिहून ठेवलंय. अक्का बोलणार. मामा नाही, तूही नाही.

म्हणून आता सरळ विचारतो. मामा घरी येतात का? आणि त्या दिवशी काय होणार आहे ते तुला माहीत होतं का?

उत्तर दे. दुसरं काही लिहू नकोस, आईच्या गोळ्यांची नावंसुद्धा नको.

धाकटा


३१ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर वाचून बरेच दिवस झाले. लिहायला बसायचो आणि उठायचो.

माहीत होतं, असं तू लिहिलंस. "चहात गोळी मीच टाकली, मी काम करते त्या मेडिकलमधून मीच आणली होती, मामा म्हणाले होते की थोडे दिवस उपचार झाले की ती पहिल्यासारखी होईल, आणि माझा त्यावर विश्वास बसला, किंवा बसवून घेतला."

मला वाटत होतं मामांनी टाकली असेल. तीन वर्षं मी मनातल्या मनात त्या खोलीत परत परत गेलो आणि प्रत्येक वेळी तुला स्वयंपाकघरात उभं केलं, पाठमोरी, काहीच माहीत नसलेली. तेवढी एक गोष्ट मी सांभाळून ठेवली होती.

त्या दिवशी कामावर गेलो नाही. खोलीतली भांडी एकेक करून भिंतीवर मारली. मग घरमालकीण येईल या भीतीने सगळी गोळा केली. मग जे मनात यायला लागलं ते तुला लिहीत नाही. अक्काला फोन केला आणि म्हटलं, मला एकट्याला सोडू नकोस. ती मला तिच्याकडे घेऊन गेली, माझी सुरी-कात्री काढून तिच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषध बदललं. आठवडाभर मी अक्काच्या बाहेरच्या खोलीत राहिलो. गुरुवारची माणसं पाळीपाळीने येऊन बसायची. एक जण तर येऊन नुसता झोपायचा, त्याची रात्रपाळी असते. त्याचं घोरणं ऐकून मलाही झोप लागायची.

सगळं सोसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तुला मला फसवून बोलवायचं असतं, तर तू लिहिलं असतंस, मला काही माहीत नव्हतं. ते मी आनंदाने मानलं असतं आणि लगेच निघालो असतो. तू खरं लिहिलंस. म्हणजे आई खरंच आजारी आहे.

मी येतो. पुढच्या रविवारी, सकाळच्या गाडीने. अक्का बरोबर येईल आणि मी जिथे बसेन तिथेच बसेल. पुढचं दार आणि मागचं दार, दोन्ही उघडी ठेव. मामांना कळू देऊ नकोस. ते एकदिवसाआड येऊन बसतात म्हणतेस, तर रविवारी त्यांना काहीतरी कारण सांग. आणि मला काही खायला-प्यायला विचारू नकोस. मी घरून बाटली आणेन.

मी तुला माफ केलेलं नाही. ते येण्याच्या अटीत नाही.

धाकटा


१० फेब्रुवारी

ताई,

आम्ही सुखरूप पोचलो. रविवारी तू पुढच्या दारात होतीस, म्हणून आतल्या खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही. ते तुला सांगायला पाहिजे.

गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले होते. अक्का म्हणाली, "परत जायचं असेल तर परत जाऊ, तू ठरव." मी पुढे पाऊल टाकलं ते धैर्याने नाही. मागे एक रिक्षा येऊन हॉर्न वाजवायला लागली, म्हणून.

आईला पाहिलं आणि ओळखलंच नाही. पोट एवढं आणि हात काड्यांसारखे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग अक्काकडे पाहून म्हणाली, "तुम्ही कोण?" अक्का म्हणाली, "मी याची अक्का." आई म्हणाली, "बसा मग."

मी कॉटच्या कडेला बसलो, दाराकडे तोंड करून. आईने हात वर करून माझ्या गालाला बोट लावलं. "दाढी आली तुला," म्हणाली. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तुझ्या बाबांची पण इथेच विरळ होती." एवढंच. मला वाटलं होतं रडेल किंवा शिव्या देईल. ती नुसती बघत होती, कपड्याचं कापड बघतात तशी.

तेवढ्यात मामांच्या मोटरसायकलचा आवाज आला. त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. मी उठायला गेलो आणि आईने माझं मनगट पकडलं. तिच्या अंगात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ताई, मला एकच गोष्ट दिसली. ही मला धरून ठेवतेय, मामा आत येईपर्यंत. पुन्हा तेच. हात झटकला असता तर तिचं हाड मोडलं असतं, आणि मी झटकणार होतो, खरं सांगतो. अक्का तिच्या त्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे बघ. मागचं दार उघडं आहे. मला इथून दिसतंय."

मग आई म्हणाली, "मी तुला धरलं नाहीये रे. मला भीती वाटतेय."

मामांची. तिच्या सख्ख्या भावाची. बाबा गेल्यापासून घराचा कर्ता तो, आणि तिने कधी त्याच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. हुक लावताना तिने मान वर का केली नाही ते मला तेव्हा कळलं. म्हणून माझ्या बाबतीत झालं ते कमी होत नाही. पण कळलं.

बाहेरून तुझा आवाज येत होता. मामा म्हणाले, "सरक." तू म्हणालीस, "आई त्याच्याशी बोलतेय. तुम्ही उद्या या." मामा म्हणाले, "कोण तो? कुणाबद्दल बोलतेस?" मग तू काय बोललीस ते ऐकू आलं नाही, कारण अक्का उठून तुझ्याकडे आली होती आणि मी आईबरोबर एकटा होतो. दोघं घाबरलेलो, एकमेकांचा हात धरून. अक्का नंतर म्हणाली की तू चौकटीला दोन्ही हात लावून उभी होतीस. तिने मामांना वकीलबाईंचं नाव सांगितलं, आम्ही इथे आलोय हे त्यांना ठाऊक आहे म्हणाली, आणि पुन्हा कोणी याला हात लावला तर या वेळी तक्रार त्या केंद्राविरुद्ध नाही, तुमच्याविरुद्ध होईल. मामा "बघतो" म्हणून गेले.

ते "बघतो" अजून माझ्या कानात आहे. तुझ्याही असेल.

आईला सांग, मी परत येईन.

धाकटा


६ मार्च

ताई,

मी आलो नाही. आई गेल्याचा तुझा निरोप लॅबवर वेळेत आला होता. अक्का यायला तयार होती, मालकांनी सुट्टी दिली होती, बूट घालून मी दारात उभा होतो. घरात मामा असणार, त्यांची माणसं असणार, सगळी रडत असताना मला कोणी उचलून नेलं तरी कोण बघतंय. मला पाऊल टाकता आलं नाही. भीतीमुळे आलो नाही, दुसरं काही कारण नाही. गुरुवारी हे बोललो तेव्हा मला वाटलं कोणीतरी समजूत घालेल. कोणी घातली नाही. शेजारच्याने खुर्ची जवळ सरकवली.

तू मला दोष दिला नाहीस. उलट तुझं पत्र वाचून मीच हादरलो. मोटरसायकलचा आवाज आला की कडी लावून घेतेस, मेडिकलच्या काउंटरवर एकदा चुकून भलत्याच गोळ्या दिल्यास आणि गिऱ्हाइकामागे धावत सुटलीस. मामा घर रिकामं कर म्हणून येतात आणि तू दार न उघडता आत जमिनीवर बसून राहतेस. तू लिहिलंस, "हे तुला का सांगतेय, तुला सांगायचा मला हक्कही नाही."

हक्काचं नंतर बघू. मामांचं वकीलबाईंना सांगितलंय. घर आईच्या नावावर आहे, तुला कोणी असं काढू शकत नाही, म्हणाल्या. त्यांचा नंबर खाली लिहिलाय. उद्याच फोन कर. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जे तुला होतंय त्यावर उपाय असतो, येऊ द्या त्यांना.

दुसरं म्हणजे, महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या खोलीत घरची माणसं बसतात. आईबाप, भावंडं, एकाची बायको येते. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "येऊ दे." मग म्हणाली, "तुला झेपेल का ते बघ." मी दोन गुरुवार त्यावर विचार केला.

ये. स्टँडवरून सरळ चालत आलीस की रंगाचं दुकान लागतं. शटरवर निळे डाग आहेत. त्याच्या शेजारून जिना. कठड्याला धरू नकोस, तो हलतो. वर गेल्यावर तुला कोणी नावगाव विचारणार नाही. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी स्वतः सुरुवातीचे कितीतरी गुरुवार नुसता पंख्याकडे बघत बसायचो. चहा तिथे सगळ्यांसाठी होतो. तो मी करत नाही आणि तूही करायचा नाहीस.

गोळीचं सांगायचं की नाही ते तू ठरव. तिथे एक बाप आहे, त्याने मुलाला खोलीत कोंडलं होतं. तो ते दर महिन्याला सांगतो आणि दर महिन्याला मधेच अडकतो. लोक थांबतात. तू सांगितलंस तर मी तिथेच असेन. ऐकून घेणं मला जड जाईल. बहुधा मी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहीन, आणि तुला वाटेल गेला.

तू तुझं बोलणं पूर्ण कर. मी परत आत येईन.

तुझा भाऊ